नबी पिंजाऱ्याची रील

"जे दिसत नाही, ते या जगात नाहीच," असं अलीझानं जाहीर केलं, तेव्हा तिचा बाप नबी पिंजारी नाकात गेलेली कापसाची रुई करंगळीनं उकरून काढत होता. ती निघाली. त्यानं ती उजेडात धरून नीट पाहिली आणि म्हणाला, "हे पाह्य, दिसून राह्यली."

अलीझा अकोल्याला जठारपेठेत डिजिटल मार्केटिंगचा कोर्स करून नुकतीच परतली होती. हे वाक्य तिच्या कोर्सच्या सरांचं. सर स्वतः कोणतंच दुकान चालवत नव्हते. दुकान कसं चालवावं हे लोकांना सांगत, आणि तेच त्यांचं दुकान बरं चाललं होतं.

नबीचं शेड तेल्हाऱ्याच्या बाहेर, रस्त्याला लागून. वर टिनाचं छत, आत पिंजायची मशीन, मागच्या अंगाला गोणपाटाचा पडदा. दिवाळी सरून थंडी पडली की दरसाल या शेडात पाय ठेवायला जागा नसे. लोक जुन्या गाद्या, दबलेल्या रजया आणून टाकत. नबी ती रुई उन्हात घाली, काठीनं झोडपी, मशीनवर पिंजून फुलवी, आणि त्याची बायको हाजराबी दाभण घेऊन टाके घाली. वाकून वाकून तिची पाठच टाक्यासारखी झाली होती. औंदा मात्र थंडी आली आणि गिऱ्हाईक आलं नाही. बसस्टँडासमोर नितेशनं 'गोडझोप मॅट्रेस हाऊस' उघडलं होतं. तिथं फोमच्या गाद्या प्लास्टिकात गुंडाळून उभ्या होत्या आणि बाहेर बोर्डावर एक गोरी बाई झोपेत हसत होती.

"झोपेत कोनी हासते काय?" हाजराबी म्हणाली.

"ते फोमवर झोपली हाये, अम्मी," अलीझा म्हणाली. "आपल्या गादीवर कोन झोपते हे कोनाले दिसते काय?"

नबीला वाटलं, न दिसण्यावर तर आपला धंदा उभा आहे.  पिंजाऱ्याला गादी देणं म्हणजे घरानं आपलं पोट उघडून देणं. कोणाच्या गादीत काय डाग असतात, कोणाची सून कोणापासून काय लपवून आत शिवते, हे पिंजाऱ्याला कळतंच. म्हणून नबीचा बाप जुनी गादी पडद्यामागं उसवायचा आणि नबीही तसंच करायचा. एकदा एका पाटलिणीच्या गादीत सोन्याचं डोरलं निघालं. नबीनं ते नव्या गादीत त्याच कोपऱ्यात परत शिवून दिलं आणि जन्मात कोणाला सांगितलं नाही. पाटलीण वारली, तरी तिच्या घरची गादी येत राहिली. आपण हे सगळं दाखवायला लागलो तर आपल्याकडे कोण येईल, असं त्याला विचारायचं होतं. पण मशीन बंद पडून होती आणि बंद मशीनच्या मालकाला फार प्रश्न विचारता येत नाहीत.

पेज निघालं. पहिल्या रीलसाठी अलीझानं भिंतीवरचं आजोबाचं धनुकलीसारखं पिंजण खाली काढायला लावलं.

"अवो, हे आता कोन वापरते? मशीन हाये न."

"मशीन कोनी पाहत नाही, अब्बा. तुमी हेच वाजवा. सदरा बदला. अन् हासा."

नबीनं मशीनपुढं बसून, मशीन दिसणार नाही अशा बेतानं, पिंजणाच्या ताणलेल्या तातेवर लाकडी मोगरी मारली. तेवढ्यात खांद्यात कळ आली. चेहरा वाकडा झाला. त्यालाच लोक हसू समजले आणि खाली बदाम पडले. पुण्याच्या कोण्या बाईनं लिहिलं, "किती शुद्ध, किती खरं!" हाजराबीनं ते दोनदा वाचून घेतलं आणि विचारलं, "मंग गादी पायजे म्हनते काय?"

"नाही. शुद्ध हाये म्हनते."

तरी हळूहळू माणसं यायला लागली. अकोल्याहून कोणी फोन केला, तालुक्यातली जुनी गिऱ्हाइकं, जी नितेशच्या काचेपर्यंत जाऊन आली होती, ती परत वळली. मशीन पुन्हा घरघरू लागली. नबीला या गोष्टीची गोडी कधी लागली ते त्यालाही कळलं नाही. आधी तो मोबाईल दिसला की तोंड फिरवी. मग नुसतं खाकरून विचारू लागला, "किती लोकायनं पाह्यलं व?" मग सकाळी दाढी करू लागला.

शेषराव आला तो भर दुपारी, माणसं वावरात गेल्यावर. ऑटोच्या मागं गादी बांधलेली, वर चादर टाकलेली. सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यात चौकीदारी करणारा हा माणूस नबीचा जुना गिऱ्हाईक आणि त्याहून जुना दोस्त. त्याचा बाप दिवाळीआधी वारला होता. शेवटची वर्षं म्हातारा ओट्यावर याच गादीवर पडून होता. निळ्या पट्ट्यांची खोळ, उशाला खाकी कापडाचं ठिगळ. गावातला जो माणूस भेटायला गेला, तो तिच्या कडेला बसून आला होता.

"फेकाची हाये काय?" नबीनं विचारलं.

शेषरावनं मागं-पुढं पाहिलं. "पायलचं लगन आलं न, नबीभाऊ. मोझरीकडचे पावने. रुखवताले गादी द्या लागते."

"मंग? नवी करून देतो."

"याच रुईची कर."

नबीचा हात गादीवरून मागं आला. मेल्या माणसाची गादी वेशीबाहेर टाकतात, नाहीतर जाळतात. लग्नात तर तिचं नावही काढत नाहीत.

"बाच्या वावरातली रुई हाये हे," शेषराव म्हणाला. "देशी. स्वतः वेचली, जिनिंगमधून काढून आनली, डोक्यावर घरी आनली. पोट्टीले अंगाखांद्यावर त्यानंच वागवलं. मरताना म्हने, पायलले माह्याकडून काही देजा. त्याच्याजोळ दुसरं काय होतं? पन हे तिकडच्यायले समजलं तं..."

"समजते कसं? माह्या तोंडून?"

"तुह्या तोंडाचं भेव नाही मले. म्हनून तं आलो."

नबीनं गादी पडद्यामागं ओढून घेतली.

रुई काळीकुट्ट निघाली. घाम, तेल, औषध, म्हाताऱ्याचं आजारपण, सगळं तिच्यात मुरून तिच्या ढेपा झाल्या होत्या. नबीनं तोंडाला रुमाल बांधून त्या हातानं फोडल्या. छतावर उन्हात घातल्या. झोडपल्या. झोडपताना वास सुटला तेव्हा शेजारचा किराणावाला दार लावून बसला. पण रुई जातीची होती. लांब धाग्याची, जुन्या जमान्याची, आताच्या कापसासारखी मशीनमध्ये पीठ होणारी नव्हे. घाणेरडी वरची ढेप नबीनं वेगळी काढली, उरलेली पुन्हा पुन्हा पिंजली, आणि संध्याकाळच्या उन्हात पडद्यामागं असा पांढरा ढीग उभा राहिला की त्याच्या मनात आलं, आपल्या बापालाही हे जमलं नसतं.

त्या घटकेला तो पिंजारी राहिला नाही. त्यानं स्वतःच्या हातानं पडदा बाजूला केला आणि हाक मारली, "अलीझा! मोबाईल आन."

"काय झालं?"

"हे ढेप पाह्य. अन् हे पाह्य. याच्यातून हे काढलं."

अलीझाचे डोळे मोठे झाले. सरांच्या कोर्समध्ये 'आधी आणि नंतर' या विषयावर एक पूर्ण तास झाला होता.

"कोनाची हाये?"

"नाव घेऊ नको कोनाचं," नबी बजावून म्हणाला. "नाव नाही घेतलं का झालं."

तिनं नाव घेतलं नाही. आधी काळी ढेप, बाजूला पडलेली निळ्या पट्ट्यांची खोळ, खाकी ठिगळ. मग पांढरा ढीग. मग हाजराबी मोरांच्या छापाच्या नव्या लाल खोळीत रुई भरून टाके घालताना. वर अलीझाचा आवाज: "जुनी गादी फेकू नका! पाहा आमच्या अब्बांची जादू!" साऱ्या रीलमध्ये नाव कोणाचंच नव्हतं. नबीनं ती बारकाईनं पाहिली आणि समाधानानं जेवायला बसला.

रील पळाली. कुठल्या कुठं गेली. लोक म्हणे लाखानं पाहत होते. नबीला अमरावतीहून फोन आला, कोणी नाशिकहून विचारलं, एका पोरानं तर पिंजण वाजवायला शिकवता का म्हणून विचारलं. तेल्हाऱ्यात मात्र या रीलवर कोणी काही लिहिलं नाही. पाहिली सगळ्यांनी. एकमेकांना पाठवली. नबी चहाच्या टपरीवर गेला की बोलणं थांबे, आणि त्याला वाटे, मान देऊन राह्यले.

लग्न शेषरावच्या दारातच होतं. नबी आणि हाजराबी सकाळपासून मांडवात. एका बाजूला रुखवत मांडलेलं: कूलर, कपाट, भांडी, आणि पलंगावर मोरांची लाल गादी. पायल शालू नेसून तिच्याजवळून गेली तेव्हा जाता जाता तिनं तळहात गादीवर ठेवला. तिला ठाऊक होतं.

जेवणाची पहिली पंगत उठत होती, तेव्हा नवरदेवाची आत्या पलंगापुढं उभी राहिली. अंगानं भरदार बाई, हातात मोबाईल. एकदा मोबाईलकडे पाही, एकदा मोरांकडे.

"अश्विनच्या माय, इकळे या बरं," तिनं नवरदेवाच्या आईला हाक मारली. "हेच न हे?"

मोबाईलमधून अलीझाचा आवाज मांडवभर झाला. जुनी गादी फेकू नका. पाहा आमच्या अब्बांची जादू.

"हे निळी खोळ कोनाची हाये?" आत्यानं विचारलं. कोणाला विचारलं ते तिलाही माहीत नव्हतं, पण गावच्या बायकांत कोणीतरी खालमानेनं सांगितलं, "शेषरावच्या बाची. ओट्यावर राहे."

"तो जो मेला तो?"

बाईनं मान हलवली.

"म्हंजे मेल्या मानसाची गादी आमच्या पोराले?" आत्या म्हणाली. "काय जी, व्याही? हे काय लावलं?"

शेषरावचा चेहरा रुईच्या ढेपेसारखा झाला. तो काही म्हणायच्या आत नबी पत्रावळीवरून उठला. हाताला वरण लागलेलं होतं.

"ते रुई नाही हे, बाई," तो म्हणाला. "हे नवी हाये. खोळीचं कापड तेवढं तेच. मोराचा तागा आनला होता न, त्याच्यातल्या दोन शिवल्या. ते रुई दुसऱ्या खोळीत गेली."

हाजराबीनं त्याचा सदरा मागून ओढला. तो हलला नाही.

"उसवून पाहा," नबी म्हणाला.

आत्यानं खरंच पाहिलं. केसातली पिन काढून कोपऱ्याचे टाके तोडले, दोन बोटं घालून रुई बाहेर ओढली. पांढरीशुभ्र, लांब, हवेत धरली तर तरंगणारी. तिनं वास घेतला. बाकीच्या बायकांनी घेतला.

"नवीच दिसते," नवरदेवाची आई म्हणाली.

आत्याचा जोर ओसरला. आणि नेमक्या त्या वेळी तेल्हाऱ्याची एक बाई मागून बोलली, "पन मंग म्हाताऱ्याची रुई गेली कोनाकडं?"

नबीच्या लक्षात आलं, आपलं खोटं आपल्यावरच उलटलं.  त्यानं शेषरावकडे पाहिलं. शेषरावनं खाली पाहिलं, मग वर पाहिलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "नबीभाऊ, मी तं तुले बाची गादी फेकाले देल्ली होती."

"हो," नबी म्हणाला.

"मंग तू ते कोनाले इकली?"

 नबीच्या हातावर वरण वाळत होतं.

"कोनाले आठवते आता," तो म्हणाला.

लग्न लागलं. संध्याकाळी टेम्पोत कूलर चढला, कपाट चढलं, आणि कपाटाला ओरखडे पडू नयेत म्हणून मधे मोरांची गादी. म्हातारा नातीबरोबर मोझरीकडे रवाना झाला. शेषराव टेम्पोच्या मागं वेशीपर्यंत रडत गेला. परत येताना नबीच्या शेडावरून आला तेव्हा रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं चालला.

दुसऱ्या दिवशी तेल्हाऱ्यात गाद्या उसवायला सुरुवात झाली.

औंदाच्या थंडीत ज्यांनी ज्यांनी नबीकडून गादी, रजई, उशी नेली होती, ती सगळी घरं ओट्यावर बसून टाके तोडत होती. जिची रुई मळकी निघाली ती म्हणे, "पाह्यलं? म्हाताऱ्याची." जिची पांढरी निघाली ती जास्तच घाबरली, कारण नबी काळ्याची पांढरी कशी करतो हे तिनं स्वतःच्या डोळ्यांनी मोबाईलवर पाहिलं होतं. रस्त्यानं रुई उडत होती. लोक नाकाला पदर लावून आपलीच थंडी उकिरड्यावर टाकत होते. शेडात पिंजायला पडलेल्या गाद्या लोक न पिंजताच घेऊन गेले. कोणी भांडलं नाही. भांडले असते तर नबीला बोलता आलं असतं. एक म्हातारी तेवढी पडद्यापाशी थांबली. तिची रजई नबीच्या बापापासून इथं येत होती.

"नबी, खरं सांग बापा. मी कोनाच्या अंगावर झोपून राह्यली?"

"तुमच्याच रुईवर, माय."

"मांडवात तं म्हनला इकली म्हनून."

नबीनं तिची रजई घडी करून पुढं केली. म्हातारी रजई घेऊन गेली.

"मी लिहितो," अलीझा म्हणाली. रडून तिचे डोळे सुजले होते. रील तिनं त्याच रात्री काढून टाकली होती. पण लोकांनी साठवून ठेवली होती आणि आता ती वेगवेगळ्या नावांनी फिरत होती. एकावर तर भुताचं हसू लावलेलं होतं. "मी सगळं खरं लिहितो. शेषरावकाकानंच सांगतलं होतं. त्यायच्याच घरी गेली ते रुई."

"काही लिहाचं नाही."

"काहून? त्यायनं तुमाले सगळ्यायसमोर चोर केलं!"

"पोट्टी नांदून राह्यली तिकडं."

"अन् आमी? आमी काय करून राह्यलो?" हाजराबी हिंदीवर आली, या घरात राग हिंदीतच येई. "सब को ढाँकते फिरो. हमको कौन ढाँकेगा?"

 अलीझानं बरंच लिहिलं होतं. पुष्कळ वेळ अंगठा धरून बसली आणि मग पुसून टाकलं. दोष कोणाचा याचा हिशेब नबीच्या डोक्यात रोज होई आणि रोज तो त्या पडद्यापाशी येऊन थांबे. पोरीनं मागितलं नव्हतं. त्यानंच हाक मारली होती.

पौषात मशीनचा पट्टा उंदरांनी खाल्ला. नबी तासभर त्याच्याकडे पाहत बसला आणि नवा आणायला गेला नाही. बाजारात शेषराव एकदा अगदी समोरासमोर आला. तोंड उघडलं, मिटलं, आणि भाजीवाल्याला मेथीचा भाव विचारू लागला. हातात त्याच्या आधीच मेथी होती. पायल सुखात आहे एवढं नबीला दुसऱ्याकडून कळलं. गादी फार गरम असते म्हणे, थंडी वाजत नाही.

मग एके दिवशी सकाळी नितेश मोटरसायकल घेऊन शेडापुढं आला. पोरगा वाईट नव्हता. चप्पल काढून आत आला, हाजराबीला सलाम केला आणि खाटेच्या कडेवर बसला.

"चाचा, राग नोका मानू. मले अलीझा पायजे."

हाजराबीनं दाभण खाली ठेवलं.

"म्हंजे पेजसाठी!" नितेश घाईनं म्हणाला. "दुकानाचं पेज चालवाले. एवढी मोठी रील साऱ्या जिल्ह्यात कोनाची चालली? महिन्याचा पगार देतो. अन् चाचा, तुमी बी या."

"मी काय करू तुह्या दुकानात? फोम पिंजू?"

"तुमचं तोंड वळखीचं झालं, चाचा. अकोल्यापर्यंत लोक वळखतात. तुमी नुसते दिसाले पायजे."

नबीनं बायकोकडे पाहिलं. ती चुलीकडे पाहत होती. चुलीवर काही नव्हतं.

नितेशच्या दुकानात थंडगार उजेड होता. काचेबाहेर टपरीवरची माणसं चहा घेऊन उभी राहिली. त्यांत शेषराव मागं होता. नितेशनं फोमची जाड गादी मधोमध आडवी केली आणि वरचं प्लास्टिक हातानं सारखं केलं. ते काढायचं नव्हतं, माल विकायचा होता. अलीझानं दोन्ही हातांनी मोबाईल धरला.  नबीनं टोपी नीट केली, पाय पुसले आणि जन्मभर दुसऱ्यांना झोपवणारा तो माणूस प्लास्टिकवर आडवा झाला. प्लास्टिक कुरकुरलं. अंगाखाली काहीच हललं नाही, काहीच दबलं नाही. ऊब नव्हती. त्यानं हात छातीवर ठेवले. छताला लावलेल्या आरशात आपल्यासारखाच एक म्हातारा आडवा दिसला, म्हणून त्यानं डोळे मिटले.

 बाहेरचे चहा पीत नव्हते. अलीझानं खालचा ओठ दातात धरला होता. नबीच्या मिटलेल्या डोळ्याच्या कडेच्या सुरकुतीतून एक थेंब प्लास्टिकवर पडला आणि त्यावर तसाच गोल उभा राहिला, आत मुरेना.

नितेश वाकला आणि त्याच्या कानाशी अदबीनं म्हणाला, "चाचा, जरासं घोरून दाखवता काय?"